चार वाजून दहाचा उजेड

९ ऑक्टोबर

प्रिय पापणी,

पत्ता तुझ्या मावशीकडून उकळला. तिला दोष देऊ नकोस. तिने तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा मी तिच्या दाराशी स्टूल टाकून बसलो. दोन वर्षांचं पोर मान वर करेपर्यंत तासतासभर फरशीवर पालथा पडून राहिलेला माणूस मी, माझ्यापुढे एक मेहुणी किती टिकणार?

तेरा वर्षांनी अक्षर बघून दचकू नकोस. मला काहीही झालेलं नाही. तुझी निराशा होईल, पण प्रकृती ठणठणीत आहे.

काम आहे म्हणून लिहितोय. एक प्रकाशक माझ्या फोटोंचं पुस्तक काढतो आहे. तीस वर्षं, शंभर मुलं. (खरं तर नऊ हजार, पण बाकीच्यांच्या आया जिवंत आहेत आणि परवानगी देत नाहीत.) पहिल्या पानावर अर्थातच तू, निळ्या फ्रॉकमधली, सहा वर्षांची. स्टुडिओच्या दर्शनी काचेत पंचवीस वर्षं तूच आहेस. लोक रस्ता ओलांडून बघायला येतात. परवा एक बाई काचेला नाक लावून म्हणाली, “या मुलीच्या डोळ्यांत काय आहे हो?” मी म्हटलं, “खिडकी.” तंत्राच्या दृष्टीने ते खरंच आहे.

मावशी म्हणते, तुझी मुलगीही आता सहाची झाली. नाव सांगत नाही. सांगितलं तर तू तिच्याशी बोलणं टाकशील म्हणे. राहू दे. मी तिला बारकी म्हणतो. तर, बारकीला एका दुपारी घेऊन ये. तेच स्टूल, तीच खिडकी, तेच वय. पुस्तकाचं शेवटचं पान. अर्ध्या तासाचं काम.

या गावातल्या निम्म्या भिंतींवर मी काढलेली मुलं टांगलेली आहेत. माझ्या भिंतीवर माझी नात नाही. लोक विचारतात. मी म्हणतो, न्हाव्याचेच केस नेहमी वाढलेले असतात.

तुझा,
बाबा

ता. क. तू हॉस्पिटलात एक्स-रे काढतेस असं कळलं. म्हणजे शेवटी धंदा तोच धरलास. फक्त तुझ्या फोटोत कोणाला हसावं लागत नाही.

२८ ऑक्टोबर

प्रिय पापणी,

तुझं कार्ड मिळालं. “नाही.” एवढ्या मोठ्या कोऱ्या कार्डावर बरोबर मध्यभागी एकच शब्द. रचना चांगली आहे. मी असतो तर जरा डावीकडे घेतला असता.

तुला वाटतं मी मुलांना छळतो. तू एकोणिसाव्या वर्षी जिन्यात उभं राहून ते ओरडून सांगितलंस, खालचा शिंपीसुद्धा ऐकायला बाहेर आला होता. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण आत एक जुळी जोडी ताटकळली होती. आता देतो.

माझ्याकडे मूल येतं तेव्हा त्याचा छळ करून झालेला असतो. आई रुमालाला थुंकी लावून त्याचं तोंड पुसत असते. बाप कॅमेऱ्यामागे उभा राहून माकडासारखा टाळ्या वाजवतो. “हस! हस ना रे! काका बघ कसे हसतात!” काका कसे हसतात ते मला माहीत आहे, ते बघून कोणीही रडेल. मग मूल हसतं. कसं? इंजेक्शनच्या रांगेतला माणूस पुढच्याला “तुम्ही जा आधी” म्हणताना हसतो तसं. आईबापांना तोच फोटो आवडतो. मोठा करून घेतात. मूल पुढे आयुष्यभर तसंच हसतं, आणि त्याचं लग्नही तशाच चेहऱ्याने लागतं.

मी काय करतो? आईबापांना बाहेर काढतो. मूल कुठेही असो, माझा डोळा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणतो. त्याच्या हातातलं खेळणं हळूच काढून घेतो. मग म्हणतो, आता एक-दोन-तीन मोजू हं. आणि दोनवर बटण दाबतो. तीनसाठी सगळे तयार असतात, दोनवर कोणीच नसतं. हे तुला मी तुझ्या चौथ्या वर्षी शिकवलं होतं. तू मावशीला मोजून दाखवायचीस आणि ती दर वेळी फसायची.

आणि दोनच्या आधी, कधीकधी, एक वाक्य. “तुझा भाऊ म्हणतो तू त्याला नको आहेस.” “तुझा कुत्रा मी ठेवून घेतला तर?” वाक्य कानात गेलं आणि अर्थ अजून पोचला नाही, त्यामधला अर्धा सेकंद. चेहऱ्यावर आधीचं सगळं पुसलेलं आणि पुढचं अजून आलेलं नाही. जगात दुसरा खरा चेहरा नाही. लगेच मी म्हणतो, छे, गंमत केली. खेळणं परत देतो. मूल पाच मिनिटांत विसरतं. फोटो राहतो.

तुझा फोटो तेवढ्यामुळेच झाला असं मात्र नाही, त्यात निम्मा वाटा उजेडाचा. ती पश्चिमेची खिडकी हट्टी आहे. सबंध दिवस स्टुलावर नुसता राखेसारखा उजेड. जानेवारीत चार वाजून दहा मिनिटांनी समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी ओलांडून ऊन आत येतं, तुझ्या डाव्या गालावर बसतं आणि स्टुलाची सावली थेट कपाटाच्या पायाला टेकते. अकरा मिनिटं. मग संपलं. पुस्तकाचा संपादक म्हणाला, “केवढा योगायोग साधलात हो!” मी म्हटलं, योगायोग आळशी लोकांना भेटतात. मी वाट बघतो.

बारकीबद्दल दोन गोष्टी कळव. तिचं सगळ्यात लाडकं काय आहे? आणि ती कशाला घाबरते? सहज विचारतोय. गप्पा मारायला विषय हवा.

बाबा

२० नोव्हेंबर

पापणी,

या वेळी तू तीन वाक्यं लिहिलीस. प्रगती आहे. ती इथे उतरवून घेतो, म्हणजे उत्तर देताना माझ्याकडून काही सुटायला नको.

“आई सतरा जानेवारीला सकाळी सव्वानऊला गेली. फोटोत सावली कपाटाला टेकली आहे. मधले सात तास मी काय करत होते?”

एक्स-रेवाल्यांची नजर वाईट. पंचवीस वर्षं लोक डोळ्यांत बघत राहिले, सावलीवरून वेळ वाचणारी तूच निघालीस. आणि तेही मीच सांगितलं तेव्हा. बढाईखोर माणसाला वेगळा शत्रू लागत नाही.

तू काय करत होतीस ते सांगतो. मी हॉस्पिटलातून साडेदहाला घरी आलो. तू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बाहुलीचे केस उलटे विंचरत होतीस. विचारलंस, “आई उठली का?” मी म्हटलं, “अजून नाही.” हे खोटं नव्हतं. मग तू जेवलीस. दुपारी झोपलीस. मावशी स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होती, कारण मी सांगितलं होतं की रडायचं तर आवाज येता कामा नये. तीनला तू उठलीस. मावशीने तोंड धुतलं, वेणी घातली. निळा फ्रॉक मी निवडला. लाल तुला जास्त आवडायचा, पण लाल रंग गालावर पडतो.

आता तू म्हणशील, सात तास लपवलंत. मी म्हणतो, दिले. बायको गेल्यावर माणसाच्या हातात पोरीला द्यायला काय उरतं? तुझी आई सव्वानऊला गेली, पण तुझ्यापुरती ती चार वाजून दहापर्यंत होती. सात तास जास्त. कोणत्या डॉक्टरने दिले असते?

हे वाक्य मी बरीच वर्षं घासून ठेवलं आहे. कसं वाटलं?

मावशीला तेवढं खोलीबाहेर काढलं. ती दारात उभी राहिली असती तर तू तिच्याकडे बघितलं असतंस. नात्यातलं माणूस खोलीत असलं की मूल कॅमेऱ्याकडे बघत नाही, हा नियम काही त्या दिवसासाठी केलेला नव्हता.

आणि मी काय म्हणालो तेही तुला आठवत असणारच. “आई आता परत येणार नाही. इकडे बघ.”

“इकडे बघ” म्हणायला नको होतं. न सांगताही तू बघितलंच असतंस.

बाबा

११ डिसेंबर

प्रिय पापणी,

तुझं काही नाही. मावशी मात्र येऊन गेली. मी एका सावकाराच्या नातवाचा फोटो काढत होतो. पोरगं ढिम्म. डोळ्यांच्या जागी दोन टिकल्या चिकटवल्या तर बटाट्यालाही जास्त भाव येईल. तेवढ्यात ही बया दार ढकलून आत.

“भावोजी, तुम्ही तिला सगळं लिहून कळवलंत?”

“तिने विचारलं.”

“पंचवीस वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं. त्या नळाच्या आवाजाने मला अजून धडधडतं, आणि तुम्ही ‘तिने विचारलं’ म्हणून मोकळे?”

“आवाज कमी कर. गिऱ्हाईक आहे.”

“गिऱ्हाईक!” ती त्या पोराकडे वळली. “बाळा, ऊठ. घरी जा. आरशात बघ आणि समाधान मान.”

पोराच्या चेहऱ्यावर काय आलं म्हणून सांगू! मी दोनही मोजले नाहीत, बटण दाबलं. सावकाराने चार प्रती मागितल्या आहेत. मावशीला मी म्हटलं, तू रोज येत जा.

ती हसली नाही. स्टुलाकडे बघत म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी स्वतः रडलात का हो कधी? मी बघितलं नाही म्हणून विचारते.”

मी म्हटलं, मी उजेडाचं मीटर बघत होतो.

“हो ना,” ती म्हणाली. “तेच बघितलं मी.” आणि गेली. जाताना तिने दर्शनी काचेतल्या तुझ्या फोटोवरची धूळ ओढणीने पुसली. काच पुसली तर डाग पडतात हे हजारदा सांगितलं आहे.

तुझे लहानपणचे दुसरे फोटो शोधत होतो. नाहीत. तुझे डोळे दर वेळी मिटायचे, म्हणून तर पापणी. मिटलेल्या डोळ्यांचे सगळे मी तेव्हाच फाडून टाकले. तेव्हा वाटलं, खराब माल कशाला ठेवायचा. सबंध लहानपणातला एकच उघड्या डोळ्यांचा फोटो आहे, आणि तो कसा आला ते आता आपल्या दोघांनाही माहीत आहे.

बारकीला आण. पुस्तक अडलं आहे म्हणून म्हणतो.

बाबा

२ जानेवारी

प्रिय पापणी,

कार्ड तीनदा वाचलं. “सतरा तारखेला चार वाजता येतो. ती आणि मी. आधी उजेड बघू, मग ठरवू.”

मी जावईबापूंच्या फोनची वाट बघत होतो, वकिलाच्या नोटिशीची बघत होतो. ही अपेक्षा नव्हती. सतरा हा त्या उजेडाचा सगळ्यात उत्तम दिवस आहे आणि तू बरोबर तोच काढलास, यावर मी दुसरं काही म्हणत नाही.

तयारी सुरू आहे. खिडकीच्या काचा आतून-बाहेरून धुतल्या. टाकीच्या मालकाला सांगून ठेवलं आहे की सतराला गच्चीवर वाळत टाकलेली चादर दिसली तर तिच्यासकट त्याला खाली आणीन. स्टुलाचा एक पाय हलत होता, त्याखाली पुठ्ठा घातला. न्हाव्याकडे जाऊन आलो. मुलांना नाकातले केस आवडत नाहीत.

एक कापडी ससा आणला आहे. काढून घेण्यासाठी नाही. देण्यासाठी. म्हणजे आधी देण्यासाठी.

बारकीचे डोळे तुझ्या आईचे आहेत असं मावशी बोलून गेली आणि मग जीभ चावली. माझ्याकडे तुझ्या आईचाही धड फोटो नाही. ती म्हणायची, तुमच्यापुढे बसायची मला भीती वाटते. मी हसायचो.

बरोबर चारला या. चार वाजून पाचला आलात तरी चालेल, पण दहाच्या पुढे नाही.

बाबा

३० जानेवारी

प्रिय पापणी,

पाकीट आज आलं. चिठ्ठी नाही, नुसता फोटो. पाठीमागे पुठ्ठा घातलास ते बरं केलंस, पोस्टवाले मुडपतात.

त्या दिवशी तू एवढ्या झटकन निघून गेलीस की काही बोलता आलं नाही. म्हणून जे झालं ते लिहून काढतो. मी बरोबर सांगतो की नाही ते तपास.

चार वाजता तू एकटी वर आलीस. मी विचारलं, बारकी कुठे? तू म्हणालीस, “खाली गाडीत, तिच्या बाबांबरोबर. आधी उजेड बघू.” मी कॅमेऱ्यात नवा रोल घातला होता. तू खोलीभर फिरलीस. कपाटाला हात लावलास. कापडी ससा उचलून परत ठेवलास.

मग अगदी साध्या आवाजात विचारलंस, “तिच्यासाठी वाक्य कोणतं ठरवलंय, बाबा?”

तेरा वर्षांनी ‘बाबा’ ऐकलं. मी खूश झालो. मला वाटलं, एका कारागिराने दुसऱ्याला विचारलं. मी सांगून टाकलं. “अगदी निरुपद्रवी. मी म्हणणार, तुझी आई गाडी घेऊन निघून गेली. अर्ध्या सेकंदापुरतंच. लगेच दार उघडायचं, बाहेर तू उभी. गंमत केली! रडायलाही वेळ मिळणार नाही तिला.”

तू नुसती मान हलवलीस. आता कळतं, त्या वेळेपर्यंत ती खरंच वर येणार होती. मी “वाक्य नाही, या वेळी नुसतं बघणार आहे” एवढं म्हणालो असतो तर तू खाली हाक मारली असतीस. मारली असतीस ना? हे मला नक्की हवं आहे, आणि तू ते कधीच सांगणार नाहीस हेही मला ठाऊक आहे.

मग तू म्हणालीस, “बसा. मीटर धरते.” मूल यायच्या आधी त्याच्या जागी कोणीतरी बसायचं आणि उजेड मोजून घ्यायचा, ही आपल्या स्टुडिओची रीत. पूर्वी मी मोजायचो आणि तू बसायचीस. मी बसलो. स्टूल फार बुटकं आहे. गुडघे छातीशी येतात. खिडकी तिथून केवढी मोठी दिसते ते मला तीस वर्षांत माहीत नव्हतं.

टाकीवरून ऊन आलं. मी म्हटलं, चार-दहा झाले, बोलव तिला. तू कॅमेऱ्यामागे होतीस. गुडघ्यांवर बसून, डोळा माझ्या डोळ्याच्या उंचीवर आणून.

“एक,” तू म्हणालीस. “ती येणार नाही, बाबा. कधीच. इकडे बघा. दोन.”

आणि मी, तुला हे शिकवणारा मी, तीनची वाट बघत बसलो.

रोल काढून घेतलास. “गंमत केली” म्हणायला तू विसरलीस, असं मला जिन्यात तुझी पावलं वाजेपर्यंत वाटत होतं.

आता फोटोबद्दल. डोळे अचूक टिपलेस. डाव्या गालावर ऊन, सावली कपाटाला टेकलेली. उजव्या कानाशी जरा काळं झालं आहे. तिथे पांढरा पुठ्ठा धरायला माणूस हवा होता, पण नात्यातलं माणूस खोलीत नसलेलंच बरं. चेहऱ्यावर आधीचं सगळं पुसलं आहे आणि पुढचं अजून यायचं आहे. माझ्या नऊ हजारांत असा दुसरा नाही. तुझा धरूनही.

प्रकाशकाला दाखवला. तो म्हणाला, “शेवटचं पान मिळालं.” मी हो म्हटलं आहे. फोटोखाली तुझं नाव टाकायचं की नाही ते कळव. दर्शनी काचेतही एक प्रत लावली, तुझ्या शेजारी. काल ती काचेला नाक लावणारी बाई पुन्हा आली होती. तिने आधी तुला बघितलं, मग मला. या वेळी तिने काही विचारलं नाही. तिने तिच्या मुलाचा हात धरला आणि दुसऱ्या फोटोवाल्याकडे गेली. मी अडवलं नाही.

एक राहिलं. तू गेल्यावर मी खिडकीशी गेलो होतो. गाडी वळत होती. मागच्या काचेत काहीतरी पिवळं हललं. फ्रॉक असेल, फुगा असेल, गाडीची उशी असेल. सगळं ऊन माझ्या खोलीत होतं, खाली रस्त्यावर उजेड नव्हता. मला काही दिसलं नाही.

तिचा एखादा फोटो पाठव. कोणीही काढलेला चालेल. जावयाने, शेजाऱ्याने. हललेला चालेल. डोकं कापलेलं चालेल.

डोळे मिटलेले असले तरी चालतील.

बाबा